पाच डॉलरचं कॉर्नेट

न्यूयॉर्क परिसरातल्या मराठी माणसाला जॅक्सन हाइट्स नव्याने सांगायला नको. पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं तिथे मिळतं. तिथून सात नंबरची लोकल सबवे पकडली की चौथं स्टेशन कोरोना प्लाझा. जवळच १०७व्या रस्त्यावर विटांचं एक साधं घर आहे. जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग १९४३ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत तिथे राहिला. आता ते म्युझियम आहे. जगभर नाव आणि पैसा कमावला, पण त्यानं ही कष्टकऱ्यांची वस्ती सोडली नाही. दाराच्या पायऱ्यांवर बसून गल्लीतल्या पोरांना तो ट्रम्पेट ऐकवायचा, असे त्याचे फोटो आहेत. तो त्या पोरांत का रमायचा, हे त्याचं बालपण वाचलं की कळतं.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा, न्यू ऑर्लिन्समधला. तो तान्हा असतानाच बाप घर सोडून गेला. आई जेमतेम सोळा वर्षांची. सुरुवातीची काही वर्षं त्याला आजीनंच सांभाळलं. वस्ती इतकी मारामाऱ्यांची, की लोक तिला रणांगण म्हणायचे. आपल्याकडे अशा पोराबद्दल एकच प्रश्न विचारतात, कोणाचा रे तू? आणि उत्तर ऐकून पुढचं सगळं ठरवून टाकतात.

या पोराला पहिला हात दिला कार्नोफ्स्की नावाच्या कुटुंबानं. लिथुआनियातून आलेले गरीब ज्यू लोक. म्हणजे आपल्यासारखेच स्थलांतरित, फक्त व्हिसा आणि डिग्री नसलेले. दिवसा घोडागाडीवरून भंगार गोळा करायचे, संध्याकाळी कोळसा विकायचे. सात-आठ वर्षांचा लुई गाडीवर बसून पत्र्याचा भोंगा वाजवत गिऱ्हाइकांना बोलवायचा. काम संपलं की ते त्याला आपल्या घरी जेवायला बसवायचे. गोऱ्यांनी काळ्यांच्या पंगतीला न बसण्याचा तो काळ. पुढे गहाणवटीच्या दुकानात त्याला एक जुनं कॉर्नेट दिसलं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ. किंमत पाच डॉलर. कार्नोफ्स्कींनी त्याला पगारातून दोन डॉलर उचल दिली आणि बाकीचे त्यानं आठवड्याला थोडे थोडे करून फेडले. ही हकिगत त्यानं स्वतःच १९६९ मध्ये, आजारपणात लिहून ठेवली. म्हणजे साठ वर्षांनंतरही ते जेवण आणि ती उचल तो विसरला नव्हता.

पण एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, नवीन वर्षाच्या जल्लोषात, लुईनं घरातलं पिस्तूल आणून रस्त्यावर हवेत बार काढला. गोळी नव्हती, नुसता आवाज. पोलिसांनी जागेवरच धरलं. दुसऱ्या दिवशी कोर्टानं त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात केली. वय अकरा. किती दिवसांसाठी, तेही ठरलेलं नाही.

तिथे बँड शिकवायला पीटर डेव्हिस नावाचे मास्तर होते. सुरुवातीला त्यांनीही लुईची वस्ती ऐकून त्याला वाईटातच काढलं. मात्र हळूहळू त्यांचं मत बदललं. आधी त्याच्या हातात खंजिरी दिली, मग ड्रम, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट. पुढे तर बँडचा म्होरक्याच केलं. एकदा हा बँड लुईच्या जुन्या गल्लीतून वाजत गेला, तेव्हा तिथल्या बदनाम लोकांनी टोप्या भरून पैसे दिले. आपलं पोर चोरीमारीऐवजी बँडच्या पुढे चालतंय, याचं त्यांना अप्रूप होतं.

१९१४ मध्ये सुटल्यावर तो कोळशाच्या गाडीवर राबायचा. तेव्हा भेटला कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर. लुई त्याच्या बायकोची बाजारहाटाची कामं करायचा आणि बदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवायचा. आपलं जुनं कॉर्नेटही त्यानं देऊन टाकलं. १९२२ मध्ये त्यानंच लुईला शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतलं. पुढचा इतिहास जगाला माहीत आहे. १९६४ मध्ये बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली खेचलं, ते बासष्ट वर्षांच्या याच गड्यानं.

लुईनंही याची जाण ठेवली. १९३१ मध्ये, नावारूपाला आल्यावर, तो मुद्दाम त्या सुधारगृहात जाऊन डेव्हिस मास्तरांना भेटला. १९३७ मध्ये सव्हाना गावात त्याला ऑलिव्हर दिसला. दात गेलेले, वाजवणं बंद झालेलं, भाजी विकून पोट भरत होता. लुईनं खिशात होते तेवढे पैसे त्याच्या हातात ठेवले. पुढच्याच वर्षी ऑलिव्हर वारला.

यात कुणीही मोठा त्याग केलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. एक ताट, दोन डॉलर, एक खंजिरी, एक जुनं वाद्य. अर्थात नुसत्या आवाजासाठी लहान मुलाला डांबणारी व्यवस्था या चांगुलपणानं बदलली नाही. त्याच सुधारगृहातल्या कितीतरी मुलांना असा कुणी भेटलाही नसेल. पण ज्याला भेटला, त्याचं आयुष्य बदललं.

आम्ही आयटीवाले रेझ्युमेत सहा महिन्यांची गॅप दिसली तरी भुवया उंचावतो. आपल्या मंडळांतही वेगळं नाही. एखाद्या घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा शाळेत मागे पडला, नको त्या संगतीत सापडला, की पॉटलकला त्याच्याबद्दल कुजबुज सुरू होते. आईवडील लाजेनं यायचेच बंद होतात. भारतातले आजी-आजोबा फोनवर विचारत राहतात आणि त्यांना खरं कुणी सांगत नाही.

गणपती आले की आपल्याकडे ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस सुरू होते. अशा मुलाला यंदा घरी जाऊन बोलवा. मार्क विचारू नका, सल्ला देऊ नका. ढोल कमरेला बांधून द्या, आणि प्रॅक्टिस संपली की जेवायला थांबवून घ्या.