ट्रकच्या सायलेन्सरमध्ये आजही ज्याचं डोकं चालतं, तो यूजीन हूड्री

चांदूर रेल्वे तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेलाय. कापूस, सोयाबीनचा हंगाम आला की इथल्या रस्त्यांवर मालट्रक वाढतात. अशातच एखाद्या बीएस-6 ट्रकचा डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, गाडी चढावर ओढत नाही आणि मेकॅनिक सांगतो, सायलेन्सर चोक झालाय. मग प्रश्न पडतो, नवीन कोणता टाकायचा? साधा पोकळ डबा बसवून भागेल का?

भागत नाही. या डब्यात आवाज दाबायच्या जाळ्यांशिवाय धूर बदलणारं एक रसायनही असतं. ते तिथं आणणाऱ्यांत पहिलं मोठं नाव म्हणजे यूजीन हूड्री.

हूड्रीचा जन्म 18 एप्रिल 1892 चा, पॅरिसजवळच्या दोमों गावातला. वडिलांचा पोलादाचा धंदा. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि घरच्या धंद्यात शिरला. पण पहिलं महायुद्ध पेटलं. तो रणगाडा दलात गेला, 1917 मध्ये गंभीर जखमी झाला, शौर्यपदकही मिळालं.

युद्ध संपलं तसं त्याला रेसच्या गाड्यांचं वेड लागलं. 1922 मध्ये तो अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना आणि इंडियानापोलिसची शर्यत बघून आला. गाडी पळवायची तर पेट्रोल चांगलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात बसलं. फ्रान्समध्ये तेल नव्हतं, म्हणून त्यानं आधी हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढून बघितलं. पेट्रोल निघालं, पण परवडलं नाही.

तरी त्या खटपटीत उत्प्रेरकावर त्याचा हात बसला. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. जड तेल उत्प्रेरकावरून नेलं की त्याचे तुकडे होऊन उत्तम पेट्रोल मिळतं. 1930 मध्ये तो हे तंत्र घेऊन अमेरिकेत गेला आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूकला सन ऑइलचा मोठा प्लांट सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या उंची पेट्रोलमागे हेच तंत्र होतं. इकडे फ्रान्समधल्या नाझीधार्जिण्या सरकारला त्यानं उघड विरोध केला. त्या सरकारनं त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. 1942 मध्ये तो अमेरिकन झाला.

जन्मभर पेट्रोल बनवलेल्या माणसानं पन्नाशीनंतर धुराकडे मोर्चा वळवला. लॉस एंजेलिसवर विषारी धुक्याची चादर पसरायला लागली होती. हूड्रीनं ऑक्सि-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. त्याचं म्हणणं साधं होतं: जो उत्प्रेरक तेल फोडतो, तसाच एखादा नळकांड्यात बसवून अर्धवट जळलेला धूर पूर्ण जाळायचा. 1956 मध्ये पेटंटही मिळालं. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर हे यंत्र चाललं. रस्त्यावरच्या गाड्यांवर मात्र फसलं.

कारण होतं शिसं. इंजिन ठोकू नये म्हणून तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत आणि ते उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करायचं. नवा डबा टाकला, तरी तोही तसाच मरणार. दोष डब्यात नव्हताच, दोष मागून येणाऱ्या इंधनात होता. तो मिटण्याआधीच, 18 जुलै 1962 ला हूड्री गेला. अमेरिकेत 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास दिसू लागले. भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना ते सक्तीचे झाले आणि 2000 मध्ये शिसंवालं पेट्रोल देशातून गेलं.

ट्रकच्या डिझेलमध्ये शिसं नसायचं, तिथला शत्रू गंधक. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं, तेव्हा डिझेलमधलं गंधक दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आणावं लागलं, ते बऱ्याच अंशी यासाठीच. आजच्या ट्रकच्या डब्यात धूर जाळणारा उत्प्रेरक, काजळी धरणारी जाळी आणि डेफ म्हणजे युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारा भाग, असं सगळं बसवलेलं असतं.

म्हणून चोक झालेला डबा बदलण्याआधी तो चोक का झाला हे बघावं लागतं. टर्बोमधून ऑइल जातंय का, इंजेक्टर गळतोय का, डिझेलमध्ये भेसळ आहे का, डेफ हलकं आहे का, कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचं इंजिन ऑइल टाकलंय का. हे सुटलं नाही, तर महागडा नवा भागही काही महिन्यांत जुन्याच्या वाटेनं जातो. भाग घेताना इंजिनाचं मॉडेल आणि बीएस-4 की बीएस-6 हे जुळवायचं. बीएस-4 चा डबा बीएस-6 ला चालत नाही. बसवताना बाणाची दिशा धुराच्या वाटेनं ठेवायची, पॅकिंग नवं टाकायचं, क्लॅम्प आधी सैल लावून पाइप सरळ करायचे आणि मग इंजिनाकडून मागे कसत यायचं. सेन्सरच्या आधी कुठे गळती राहिली, तर सेन्सर चुकीचा आकडा देतो आणि दिवा परत लागतो.