बार्शीचे मास्तर आणि आपलं हिजरी साल

वळसंगला एखाद्या घरी जुनी सनद निघाली की हिजरी सालात सरळ 622 मिळवून आपण मोकळे होतो. इथंच चुकतं. चांद्रवर्ष जवळपास 11 दिवसांनी लहान. हिजरी 1000 सुरू झालं ते 1591 च्या ऑक्टोबरात!

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हाच कालगणनेचा प्रांत धुंडाळला. जन्म 1853, कोकणातल्या मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, त्यांनी काही वर्षं मास्तरकी केली. 1896 मध्ये रॉबर्ट सेवेलसोबतचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. त्यात हिंदू तिथींबरोबर हिजरी तारखांचीही कोष्टकं आहेत. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मात्र त्यांनी मराठीतच लिहिला, याचं आम्हाला फार अप्रूप. तोही 1896 चाच. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आत, ते वारले.