महाराजांची पुस्तकपेटी

पुण्यातल्या पेठेतल्या एका माध्यमिक शाळेत 1986 साली मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या हाती पुस्तक आले नाही, किल्ल्यांचा जुडगा आला. प्रयोगशाळेशेजारच्या अरुंद खोलीत चार लोखंडी कपाटे, एक टेबल आणि एक दाखलनोंदवही एवढा सरंजाम होता. मुख्याध्यापकांनी कपाटे दाखवली आणि नियम सांगितला, की वर्षअखेरीच्या पडताळणीत जेवढी पुस्तके कमी भरतील तेवढ्यांची किंमत माझ्या पगारातून वळती होईल. माझा पगारही अर्धाच होता, त्यामुळे नियम लगेच समजला. पुढच्या आठ वर्षांत माझ्या ग्रंथालयातले एकही पुस्तक हरवले नाही, कारण पुस्तके कपाटाबाहेर फारशी पडलीच नाहीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी याबद्दल माझे कौतुक केले आणि मलाही ते गोड वाटले.

याच शहरात ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम करताना मी एका राजाविषयी दोन ओळी पाठ केल्या होत्या. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालये काढली. परीक्षेत त्या ओळींना पूर्ण गुण मिळाले आणि मी त्या विसरले. त्यांच्यामागे काय होते हे मला कळले ते 1994 साली. नात्यातल्या एका लग्नासाठी मी बडोद्याला गेले होते. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहायला गेले. 1931 सालची ती इमारत. आत लोखंडी मांडण्यांचे मजले आणि त्या मजल्यांना जाड काचेची जमीन. त्या काचेवर उभी असताना मला आमच्या चार कपाटांची आठवण झाली आणि जरा लाज वाटली. परत आल्यावर मी या माणसाविषयी मिळेल ते वाचू लागले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ज्याने लोकांसाठी इतकी पुस्तके जमवली त्याला स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर वाचता येत नव्हते.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथे 1863 साली काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळचा जन्म झाला. घराणे गायकवाडांचे, पण शाखा दूरची, आणि घरात शेती. इकडे बडोद्यात 1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून गोपाळची निवड झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला. शेतात हुंदडणारा मुलगा एका दिवसात महाराज झाला खरा, पण पाटी त्याला तेव्हाच हाती धरावी लागली. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाकडे त्याची शिकवणी सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा त्याला एका वेळी शिकायच्या होत्या. उशिरा शिकणाऱ्याला अक्षराची किंमत जास्त कळते. डिसेंबर 1881 मध्ये अठराव्या वर्षी राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले, तोवर वाचनाचे व्यसन लागलेले होते. ते शेवटपर्यंत सुटले नाही.

महाराजांचा संसार मात्र सुखाचा म्हणता येणार नाही. पहिल्या पत्नी चिमणाबाई 1885 साली गेल्या. पुढे त्याच नावाने ओळखल्या गेलेल्या दुसऱ्या महाराणींनी स्त्रियांच्या शिक्षणाला मोठा हात दिला. महाराजांच्या डोळ्यांसमोर 1908, 1919 आणि 1923 या वर्षी तीन मुलगे गेले. ते अनेक महिने युरोपात काढत आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होत असे. 1911 सालच्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहापुढे त्यांनी नीट मुजरा केला नाही, पाठ फिरवली, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढे काहूर उठवले. दिलगिरीचे पत्र द्यावे लागले. आपल्याकडे सयाजीरावांची आठवण निघाली की बहुधा या दरबाराची गोष्ट निघते. पण त्याच 1911 साली बडोद्यात एक साधी गोष्ट घडत होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिथे ग्रंथपालांचा वर्ग भरला होता. ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण देणारा या देशातला तो पहिला वर्ग.

त्या वर्गापर्यंत महाराज पोचले कसे, हे पाहण्यासारखे आहे. त्याची सुरुवात ग्रंथालयापासून झाली नाही, शाळेपासून झाली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तरी ते मिळावे, असे 1882 साली हंटर आयोगापुढे लेखी मांडले ते आपल्या पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी. इंग्रज सरकारने ते कानाआड केले. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग करून पाहिला आणि 1906 साली मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होई आणि तो गरिबाला जड जाई, हेही खरे. तरी हा प्रयोग साऱ्या देशाने पाहिला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला. 1912 च्या मार्चमध्ये ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी पडले.

सक्ती झाली आणि एक नवाच प्रश्न पुढे आला. मूल चार-पाच इयत्ता शिकते, शाळा सोडते, शेतावर जाते. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. थोड्या वर्षांत अक्षरे पुसट होतात आणि सरकारचा सारा खर्च मातीत जातो. शाळेने पेरले तर पाणी कोणी घालायचे? महाराजांचे उत्तर असे, की वाचायला शिकवणे हे राज्याचे अर्धे काम आणि वाचायला देणे हे उरलेले अर्धे. 1906 साली आणि पुन्हा 1910 साली ते अमेरिकेत गेले. तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. न्यू हेवनच्या ग्रंथालयातले विल्यम बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास येण्याचे आमंत्रण दिले. बोर्डन 1910 च्या अखेरीस आले आणि 1913 पर्यंत राहिले. राजवाड्यातला स्वतःचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. स्त्रियांसाठी वेगळे वाचनालय निघाले. मुलांसाठी दालन उघडले, त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले.

शहरात ग्रंथालय काढणे सोपे. खेड्याचे काय? त्यासाठी व्यवस्था अशी केली, की गावकऱ्यांनी वर्गणीचा एक वाटा उचलायचा, तेवढाच पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. एक तृतीयांश पैसा स्वतःच्या खिशातला असल्यामुळे गाव त्या वाचनालयाला आपले म्हणू लागले. जागा बहुधा गावच्या शाळेतली आणि ग्रंथपाल बहुधा गावचा मास्तर. सकाळी फळ्यापुढे उभा राहणारा माणूस संध्याकाळी त्याच खोलीत गावाला पुस्तके देई. मोतीभाई अमीन यांच्यासारखे हाडाचे शिक्षक तर आधीपासूनच गुजरातेत मित्रमंडळे काढून वाचनाचे वेड लावत होते. संस्थानाने त्यांना ग्रंथालय खात्यात घेतले. बोर्डन गेल्यावर काही वर्षे या खात्याची धुरा वाहिली ती जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी. खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. महाराजांच्या निधनापर्यंत संस्थानात हजारावर वाचनालये झाली होती.

जिथे वाचनालय उभे राहणे शक्य नव्हते तिथे पेटी जाई. मजबूत लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके. मागणी करावी, पेटी यावी, वाचून झाली की परत जावी आणि दुसरी यावी. वाहतुकीचा खर्च खात्याचा, वाचणाऱ्याला एक पैसा पडत नसे. याच खात्याची आणखी एक शाखा चित्रे घेऊन हिंडत असे. जादूचा कंदील, दोन डोळ्यांनी पाहिले की चित्र खोल दिसते ती दुर्बिणीसारखी यंत्रे, आणि चालती चित्रे दाखवणारा सिनेमा. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट 1913 साली लोकांसमोर आला. त्याच सुमाराला बडोद्याच्या खेड्यांत पडदा लावून लोकांना चित्रांतून शिकवले जात होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही जग पाहण्याचा हक्क आहे, ही त्यामागची बुद्धी. बालवाचकांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ ही छोट्या पुस्तकांची मालाही निघाली.

सारे काही सोन्याचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. राजाचा हुकूम गावात पोचतो, मनात पोचायला वेळ लागतो. सयाजीरावांनी राज्यावर आल्याबरोबर अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन 1913 साली न्यूयॉर्कला पाठवले. पण तेच आंबेडकर 1917 साली नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा कोणी दिली नाही आणि कचेरीत शिपाईसुद्धा विटाळ मानून वागले. ज्या गावात शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना येता येत नव्हते तिथली पेटी सगळ्यांसाठी उघडली असेल, असे मला वाटत नाही. हा उणेपणा महाराजांच्या खात्यावर मांडायचा की समाजाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत सयाजीराव गेले. त्याआधी 1932 साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1949 साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 साली गुजरातेत राहिले. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो 1967 साली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेसुद्धा असावीत, असे परिशिष्टात लिहून ठेवले. ते वाचून मला फार आनंद झाला होता. मग ग्रंथपाल कोण, हे शोधायला मी परिशिष्ट पुन्हा वाचले. तिथे ग्रंथपालाचा उल्लेख नाही. 2015 पासून आपण 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, फोटो निघतात, आणि बऱ्याच ठिकाणी 16 तारखेला कुलूप पुन्हा लागते. पुस्तक हरवले तर पैसे मास्तरच्या पगारातून जाणार असतील, तर दोष त्या मास्तरला देण्याचा अधिकार मला नाही. मीही आठ वर्षे तेच केले आहे.

बडोद्याहून आल्यावर मी काय केले, तेही सांगते. मंडईतून आंब्याच्या सहा रिकाम्या पेट्या आणल्या, घासून घेतल्या, आतून खाकी कागद लावला. पाचवी आणि सहावीच्या सहा तुकड्यांत एकेक पेटी ठेवली, प्रत्येकीत पंचवीस पुस्तके. नोंद ठेवायला वर्गातलीच दोन मुले. महिन्याने पेट्यांची अदलाबदल. पहिल्या वर्षाच्या शेवटी दीडशेपैकी चौदा पुस्तके परत आली नाहीत. त्यांचे पैसे पगारातून दोन हप्त्यांत कापून गेले. उरलेल्या एकशे छत्तीस पुस्तकांतली निम्मी पुन्हा बांधून घ्यावी लागली. आमच्या शाळेतली पुस्तके वापरून फाटण्याची ती पहिलीच वेळ. पुढे दर वर्षी थोडीफार जात राहिली, थोडाफार पगारही जात राहिला. माझ्या मालकांनी एकदा विचारले, की आणखी किती वर्षे हा दंड भरणार. मी म्हटले, निवृत्तीपर्यंत.

2016 साली निवृत्त झाले. माझ्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही. ग्रंथालयाचा चार्ज मराठी शिकवणाऱ्या एका तरुण बाईंकडे आला, आठवड्याचे सगळे तास सांभाळून. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला. आता नियम सांगण्याची पाळी माझी होती. मी तो सांगितला, कारण पैसे त्यांच्या पगारातून जाणार होते आणि हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. मग त्यांना पाचवीच्या वर्गात नेले आणि आंब्याची पेटी दाखवली. त्यांनी झाकण उघडले, एक पुस्तक काढले, कोणाकोणाची नावे आहेत ते मागच्या पानावर पाहिले, आणि पेटी या महिन्यात कुठल्या वर्गात जायची आहे असे मला विचारले.