‘डेझर्ट फॉक्स’ रोमेलचे कान एका पहाटे कापले गेले आणि बाजी पलटली

दुसऱ्या महायुद्धाचे व्हिडीओ बघणाऱ्यांना रोमेल हे नाव नवं नाही. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यानं ब्रिटिशांना इतकं पळवलं की, या माणसाला सहावं इंद्रिय आहे असं त्यांच्याच सैनिकांना वाटायला लागलं. आपण कुठून येणार हे त्याला आधीच कसं कळतं?

त्याला कळायचं हे खरं. पण त्यात चमत्कार नव्हता, रेडिओ होता.

एर्विन रोमेलचा जन्म १८९१ चा, दक्षिण जर्मनीतल्या हायडेनहाइमचा. वडील शाळामास्तर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात त्यानं मोठं पदक मिळवलं, १९४० मध्ये ७ वी पँझर डिव्हिजन घेऊन फ्रान्समध्ये मुसंडी मारली. म्हणजे गडी मुळातच धाडसी होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये हिटलरनं त्याला लिबियाला पाठवलं आणि तिथं त्याच्या हाती लागली कॅप्टन आल्फ्रेड झीबोम याची ६२१ नंबरची कंपनी.

या कंपनीचं काम लढायचं नव्हतं, ऐकायचं होतं. वाळवंटातलं युद्ध सतत पळतं. रणगाड्यांच्या मागे टेलिफोनची तार ओढत नेता येत नाही, त्यामुळे सगळा कारभार वायरलेसवर. आणि ब्रिटिश ऑपरेटर बोलायला मोकळेढाकळे. तुकड्यांची सांकेतिक नावं फारशी बदलायची नाहीत, कधी कधी तर खरी नावंच तोंडातून निघायची. झीबोमची इंग्रजी जाणणारी पोरं हे सगळं टिपून घ्यायची, छोटे कोड फोडायची. सिग्नल कुठल्या दिशेनं येतोय हे दोन ठिकाणांहून मोजलं की बोलणारा कुठं आहे तेही नकाशावर सापडायचं. मग रोमेलच्या टेबलावर बातमी.

त्याचा दुसरा कान थेट कैरोत होता. तिथले अमेरिकन लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स यांना ब्रिटिश आपली बरीच माहिती द्यायचे आणि ते ती इमानेइतबारे कोडमध्ये वॉशिंग्टनला कळवायचे. पण तो कोड इटालियन हेरांनी १९४१ मध्येच रोममधल्या अमेरिकन दूतावासातून काढून, फोटो घेऊन गुपचूप परत ठेवला होता. पाहुण्याच्या कुलपाची किल्ली चोराकडे होती.

२० जून १९४२ ला रोमेल तोब्रुकवर तुटून पडला. त्यानं आग्नेयेकडून घाव घातला आणि तिथं उभी होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. विमानं, तोफा आणि मागोमाग रणगाडे. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. आपल्याकडून गेलेल्या अनेकांची रवानगी इटलीतल्या छावण्यांत झाली. रोमेलला फील्ड मार्शलचा दंडुका मिळाला.

इथून मात्र चक्र उलटं फिरलं. जूनअखेर अमेरिकनांनी कोड बदलला, कैरोचा कान बंद. राहिला झीबोम. इजिप्तमध्ये एल अलामीनजवळ, तेल एल इसा इथं त्याची कंपनी आघाडीच्या अगदी जवळ तळ टाकून होती, कारण जवळून नीट ऐकू येतं. पुढे इटालियन डिव्हिजनचा आडोसा होता.

१० जुलैच्या पहाटे ऑस्ट्रेलियन सैन्यानं तिथंच हल्ला चढवला. इटालियन फळी कोसळली आणि ऐकणाऱ्यांना बंदुका हातात घ्याव्या लागल्या. बहुतेक सगळे मेले किंवा पकडले गेले. झीबोम जखमांनी गेला. रोमेल तेव्हा दक्षिणेच्या बाजूला होता; उत्तरेकडून तोफांचे आवाज आले तेव्हा त्याला पत्ता लागला.

माणसांपेक्षा महाग पडली कागदपत्रं. ब्रिटिशांना त्यात स्वतःचीच प्रत्येक चूक लिहिलेली सापडली. शत्रूनं यांचं प्रगतिपुस्तकच भरून ठेवलं होतं म्हणा ना! त्यांनी रेडिओची शिस्त कडक केली. रोमेलला नवी कंपनी मिळाली, पण जुन्यांचा अनुभव कुठून आणणार?

गंमत म्हणजे ब्लेचली पार्कमध्ये ब्रिटिश त्याचेही संदेश वाचत होते. रसद घेऊन येणारी जहाजं बुडायची आणि जर्मनांचा संशय जायचा इटालियन मित्रांवर.

आलम हाल्फाला रोमेल अडला. एल अलामीनची मोठी लढाई सुरू झाली तेव्हा तो आजारपणाच्या रजेवर होता. धावत आला, पण नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावीच लागली. पेट्रोल नव्हतं, रणगाडे कमी होते. सगळं खापर रेडिओवर फोडता येणार नाही. पण पूर्वीसारखी आगाऊ खबर आता मिळत नव्हती, हेही तितकंच खरं.

मार्च १९४३ मध्ये त्यानं आफ्रिका सोडली. पुढच्या वर्षी जुलैत नॉर्मंडीत विमानाच्या गोळीबारात तो जबर जखमी झाला आणि तीनच दिवसांनी हिटलरवर बॉम्बहल्ला झाला. या कटात रोमेलचं नाव आलं. त्याचा कटाशी नेमका किती संबंध होता यावर इतिहासकार आजही भांडतात. १४ ऑक्टोबर १९४४ ला दोन जनरल त्याच्या घरी आले. विष घे, नाहीतर खटल्याला तयार हो आणि मग घरच्यांचीही खैर नाही, असा पर्याय होता. बायको आणि १५ वर्षांच्या मुलाचा निरोप घेऊन तो त्यांच्या गाडीत बसला.

सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. फील्ड मार्शल जुन्या जखमांनी गेला, असं जर्मन जनतेला सांगण्यात आलं.