जॉर्ज कॅडबरी: एका ख्रिस्ती कारखानदाराचें चरित्र

व्यापार म्हटला म्हणजे थोडेंबहुत खोटें आलेंच, असें बाजारांत नेहमीं ऐकूं येतें. ख्रिस्ती मंडळींतीलहि कित्येकांचा समज असा दिसतो कीं, रविवारची उपासना निराळी आणि सोमवारचा तराजू निराळा. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत वजनें व मापें ह्यांविषयीं वारंवार शिकवण दिली आहे, ती उगीच नव्हे. उपासना व तराजू ह्यांची सांगड घालूं पाहणाऱ्या एका इंग्रज कारखानदाराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत अनुकरण करण्याजोगें पुष्कळ आहे; सावध करणारेंहि आहे.

जॉर्ज कॅडबरी ह्यांचा जन्म ता. १९ सप्टेंबर १८३९ रोजीं बर्मिंगहॅम शहरीं झाला. घराणें क्वेकर पंथाचें होतें. साधी राहणी, सत्य भाषण व मौन उपासना ह्यांविषयीं हा पंथ प्रसिद्ध आहे. वडील जॉन ह्यांनीं १८२४ सालीं दुकान काढलें व पुढें कोकोचा कारखाना घातला. कोको हें उष्ण देशांतील एका झाडाचें बीं; तें भाजून व दळून त्याचें पेय करितात. लोकांनीं दारू सोडून असलें पेय घ्यावें, ही जॉन ह्यांची इच्छा होती.

१८६१ सालीं वडील बंधु रिचर्ड व जॉर्ज ह्यांनीं धंदा हातीं घेतला, तेव्हां तो बुडण्याच्या बेतास आला होता. आईकडून प्रत्येकास मिळालेले सुमारे ४,००० पौंड त्यांनीं त्यांत घातले. पहिलीं कांहीं वर्षें तोट्याचीं गेलीं. जॉर्ज ह्यांनीं काटकसरीसाठीं चहा, कॉफी व वर्तमानपत्रसुद्धां सोडलें. धंदा बुडालाच तर हिमालयाकडे जाऊन चहाची लागवड करावी, असा त्यांचा विचार होता.

त्या काळीं कोकोमध्यें भेसळ सर्रास चाले. बियांतील तेलकटपणा झांकावा म्हणून त्यांत बटाट्याचें पीठ, साबूदाणा व काकवी मिसळीत. कॅडबरींच्या मालांतहि असें मिश्रण असे. कित्येक व्यापारी तर विटांची भुकटी घालीत. बियांतील तेल दाबून काढणारें यंत्र हॉलंडांत आहे असें कळतांच जॉर्ज तेथें गेले व तें विकत घेऊन आले. १८६६ सालीं त्यांनीं निर्भेळ कोको बाजारांत आणला. तो महाग पडे. पण डॉक्टरांनीं त्याची शिफारस केली, भेसळीविरुद्ध १८७२ व १८७५ सालीं कायदे झाले, आणि धंदा भरभराटीस आला. खरेपणानें द्रव्यलाभ होतोच असा मात्र नियम नाहीं. ह्या बंधूंनीं उरलेला पैसा यंत्रांत घातला, तेव्हां लाभ कोठें दृष्टीस पडत नव्हता.

जॉर्ज दर रविवारीं सकाळीं प्रौढ मजुरांच्या शाळेंत पवित्र शास्त्राच्या आधारें लिहिणें-वाचणें शिकवीत. हा क्रम सुमारें ५० वर्षें चालला. शिष्यांच्या घरीं गेल्यावर त्यांस अंधाऱ्या, कोंदट खोल्या दिसत. अशा घरांत राहणाऱ्याला केवळ उपदेश पुरेसा नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. १८७९ सालीं बंधूंनीं कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिल येथें हलविला. तेथें खेळण्यास मैदानें केलीं व शनिवारीं अर्धा दिवस सुटी दिली. १८९५ पासून जॉर्ज ह्यांनीं घरें बांधण्यास आरंभ केला. प्रत्येक घरास बाग व फळझाडें होतीं. १९०० सालीं ३१३ घरें व सुमारें ३३० एकर जमीन त्यांनीं एका न्यासाच्या स्वाधीन केली व आपली मालकी सोडली. हीं घरें केवळ स्वतःच्या कामगारांसाठीं नव्हतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां चरित्राचा कठीण भाग. कंपनीच्या कोकोचा मोठा भाग आफ्रिकेजवळील साव तोमे व प्रिन्सिपे ह्या पोर्तुगीज बेटांवरून येई. अंगोला देशांतून मजूर आणून त्यांस तेथें गुलामासारखें राबविलें जातें, ही बातमी १९०१ सालीं कंपनीस लागली. रिचर्ड ह्यांचे पुत्र विल्यम ह्यांनीं चौकशी आरंभिली. १९०५ सालीं जोसेफ बर्ट ह्यांस बेटांवर व अंगोलांत पाठविण्यांत आलें. पोर्तुगीज सरकार सुधारणा करील ह्या आशेवर खरेदी मात्र चालूच राहिली. ती १९०९ च्या मार्च महिन्यांत बंद झाली. मध्यंतरी आठ वर्षें गेलीं.

जॉर्ज ह्यांच्या मालकीचें ‘डेली न्यूज’ हें पत्र दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतील चिनी मजुरांच्या हालांविषयीं कडक लिहीत असे. म्हणून १९०८ सालीं ‘स्टँडर्ड’ ह्या पत्रानें कॅडबरींवर ढोंगीपणाचा आरोप केला. कंपनीनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९०९ च्या डिसेंबरांत ज्यूरीनें निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. पण नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! खटला जिंकूनहि मान पुरता राहिला नाहीं.

ह्या गोष्टीवरून जॉर्ज ह्यांचें सर्व काम पोकळ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. चौकशी त्यांच्याच कंपनीनें केली व शेवटीं खरेदीहि थांबविली. परंतु जे मजूर डोळ्यांसमोर होते त्यांच्यासाठीं बागा झाल्या. जे समुद्रापलीकडे होते त्यांना आठ वर्षें वाट पाहावी लागली. सज्जनासहि हा मोह कसा पडतो, हें येथें दिसतें.

ता. २४ ऑक्टोबर १९२२ रोजीं जॉर्ज कॅडबरी प्रभूमध्यें निद्रिस्त झाले. कंपनी २०१० सालीं एका अमेरिकन कंपनीकडे गेली. बोर्नव्हिलचा न्यास मात्र आजहि काम करीत आहे.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं कोणी किराणा विकतो, कोणी मजूर लावून शेत कापवितो, कोणी मंडळीची वर्गणी सांभाळतो. माल शुद्ध आहे काय व माप पुरें आहे काय, इतकें विचारून थांबूं नये. तो माल कोणाच्या हातांनीं झाला व त्या हातांस मजुरी वेळेवर मिळाली काय, हेंहि विचारावें. आणि उत्तर वाईट आल्यास आठ वर्षें थांबूं नये. याकोबानें आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत शेतमजुरांविषयीं जें लिहिलें आहे, तें उपदेशकांनीं येत्या रविवारीं मंडळीपुढें वाचावें, अशी आमची विनंती आहे.