दोन गिअरची कॉर्वेट बंद पडायला आली होती, एका निर्वासित इंजिनिअरनं तिला रेसिंग कार बनवलं

शेवरले म्हटलं की आपल्याला टवेरा, बीट आणि स्पार्क आठवतात. बीट आणि स्पार्क तर पुण्याजवळच्या तळेगावातल्या कारखान्यात बनायच्या. पण अमेरिकेत शेवरलेचं नाव काढलं की एक वेगळीच गाडी डोळ्यासमोर येते. दोन सीटची, लांब नाकाची, सिग्नल सुटला की गायब होणारी कॉर्वेट.

आज कॉर्वेट म्हणजे अमेरिकेची स्पोर्ट्स कार, असं समीकरणच आहे. पण १९५३ मध्ये बाजारात आलेली ही गाडी १९५४ संपेपर्यंत बंद करायच्या गोष्टी कंपनीत सुरू झाल्या होत्या. खप नव्हता. दिसायला रेसिंग कार आणि चालवायला घरातली सेदान, अशी तिची गत होती. त्यामागचं एक मोठं कारण ड्रायव्हरच्या पायाजवळ होतं. तिथं क्लचच नव्हता.

स्पोर्ट्स कार घ्यायची तर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, यावर आजही तासन्‌तास वाद होतात. कॉर्वेटच्या बाबतीत या वादावर गाडीचं मरण किंवा जगणं ठरणार होतं. आणि ती जगावी म्हणून हट्टाला पेटलेला माणूस अमेरिकन नव्हता. त्याचं नाव झोरा आर्कस-डुंटोव्ह.

ट्राम चालवायचं स्वप्न बघणारा पोरगा

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ चा, बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. वडील आर्कस, इंजिनिअर. पुढं कुटुंब रशियात परतलं आणि झोराचं लहानपण क्रांतीच्या धामधुमीत गेलं. आईवडील वेगळे झाले, आईच्या आयुष्यात डुंटोव्ह नावाचे दुसरे इंजिनिअर आले. झोरा आणि त्याचा भाऊ युरा या दोघांनी मग दोन्ही आडनावं लावली, आर्कस-डुंटोव्ह.

लहानपणी त्याला ट्रामचा ड्रायव्हर व्हायचं होतं. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं आणि ट्रामची जागा मोटरसायकलनं घेतली. ३५० सीसीची ती गाडी झोरा बर्लिनच्या रस्त्यांवर अशी पळवायचा की घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी त्यांनी तगादा लावला, मोटरसायकल विक आणि चारचाकी घे. झोरानं ऐकलं. त्यानं मोटरसायकल विकली आणि चारचाकी रेसिंग कार घेतली. तिला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते, मागचेही यथातथाच.

१९३४ मध्ये त्यानं बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग तंत्रविद्यापीठातून इंजिनिअरिंग पूर्ण केलं. जर्मन मोटार मासिकात तो तांत्रिक लेख लिहू लागला. पण जर्मनीत हिटलर आला होता आणि ज्यू माणसाला तिथं भवितव्य नव्हतं. पुढं झोरा पॅरिसला गेला. तिथल्या प्रसिद्ध फोली बर्जेर थिएटरमध्ये नाचणाऱ्या एल्फी नावाच्या जर्मन मुलीशी त्यानं १९३९ मध्ये लग्न केलं.

त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. झोरा आणि युरा फ्रेंच हवाई दलात भरती झाले. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा एल्फी पॅरिसमध्ये होती. जर्मन फौजा शहरात शिरण्याआधी तिनं आपली छोटी एमजी काढली आणि थेट बोर्दो गाठलं. इकडं दोघं भाऊ मार्सेमधल्या एका वेश्यागृहात लपून बसले होते. झोरानं स्पॅनिश वकिलातीतून सगळ्या कुटुंबासाठी व्हिसा मिळवले. सगळे पोर्तुगालला पोहोचले आणि तिथून न्यूयॉर्कच्या जहाजात बसले.

अमेरिकेत भावांनी आर्डुन नावाची कंपनी काढली. आर्कसमधला आर आणि डुंटोव्हमधला डुन. युद्धकाळात दारूगोळ्याचे भाग बनवून कंपनी वाढली. युद्धानंतर त्यांनी फोर्डच्या व्ही-८ इंजिनसाठी ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड बनवले. ज्या पोरांना जुन्या फोर्डमधून जास्त ताकद काढायची होती, त्यांच्यात या हेडचं नाव झालं. पण कंपनी टिकली नाही. झोरा इंग्लंडला गेला, अलार्ड कंपनीत काम केलं, १९५२ आणि १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यतही अलार्डमधून चालवली.

म्हणजे गाडीचं गणित मांडणारा आणि तीच गाडी शर्यतीत पळवणारा, असा दुर्मिळ माणूस होता तो.

दिसायला वाघ, पण...

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं डिझाईनप्रमुख हार्ली अर्ल यांच्या कल्पनेतून आलेली पांढरीशुभ्र कॉर्वेट ठेवलेली. झोरा ती बघून खुळावला. त्यानं शेवरलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांना पत्र लिहिलं आणि १ मे १९५३ ला तो शेवरलेत रुजू झाला.

बॉनेट उघडल्यावर मात्र चित्र वेगळं होतं. गाडी घाईनं बाजारात आणायची म्हणून शेवरलेच्या ताफ्यात आधीच असलेले भाग वापरले होते. सहा सिलिंडरचं जुनंच इंजिन सुधारून १५० हॉर्सपॉवरचं केलेलं. आणि गिअरबॉक्स होता पॉवरग्लाइड, म्हणजे दोन गिअरचा ऑटोमॅटिक. मॅन्युअलचा पर्यायच नव्हता.

पॉवरग्लाइड वाईट होता असं नाही. कामावर जाणाऱ्या माणसासाठी तो उत्तम. त्यात क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एक पंखा फिरवतं, त्यानं तेल ढकललं जातं आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचा दुसरा पंखा फिरतो. दोन पंख्यांमध्ये घट्ट जोड नाही, त्यामुळं झटके नाहीत. पण तेल घसरतं, थोडी ताकद उष्णता बनून वाया जाते आणि ॲक्सिलरेटर दाबणं आणि गाडी झेपावणं यात किंचित अंतर पडतं.

खरी अडचण दोन गिअरची होती. इंजिनला त्याची पूर्ण ताकद एका ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यातच देता येते. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२ चा आणि दुसरा थेट १ चा. म्हणजे ५,००० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन २,७५० च्या आसपास कोसळणार. टॉर्क कन्व्हर्टर हा धक्का थोडा सावरतो, पण दम लागलेल्या इंजिनला पुन्हा वर चढावंच लागतं. शिवाय वळणाआधी खालचा गिअर टाकून वेग कमी करायचा आणि वळणातून ताकदीत बाहेर पडायचं, ही स्पोर्ट्स कारची मजाच दोन गिअरमध्ये उरत नाही.

त्या काळात अमेरिकेत स्पोर्ट्स कार म्हणजे इंग्लंडहून आलेल्या एमजी आणि जग्वार. दोन्हींना चार गिअर आणि क्लच. त्या चालवणाऱ्यांनी कॉर्वेटकडं बघून नाकं मुरडली. आणि ज्यांना आरामाची गाडी हवी होती, त्यांना कॉर्वेटमध्ये काचा वरखाली करायची सोयही नव्हती. किंमत ३,४९८ डॉलर, शेवरलेच्या साध्या सेदानच्या जवळपास दुप्पट. गाडी ना इकडची राहिली ना तिकडची.

१९५३ मध्ये ३०० गाड्या बनल्या. १९५४ मध्ये ३,६४० बनवल्या आणि वर्षाअखेर त्यातल्या सुमारे एक तृतीयांश पडून राहिल्या.

नव्या माणसाचं वरिष्ठांना पत्र

झोराला कंपनीत वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डिसेंबर १९५३ मध्ये, त्यानं वरिष्ठांना एक टिपण पाठवलं होतं. त्यात त्याचं म्हणणं साधं होतं. गाड्यांवर हात चालवणारी तरुण पोरं फोर्डची इंजिनं घेऊन बसतात, त्यांची मासिकं फोर्डनं भरलेली असतात. हीच पोरं उद्या कमावती होतील आणि फोर्डच घेतील. त्यांना आपल्याकडं वळवायचं तर ताकद वाढवणारे तयार सुटे भाग कंपनीनंच त्यांना विकले पाहिजेत.

ऑक्टोबर १९५४ मध्ये कॉर्वेट बंद करायची चर्चा वाढली तेव्हा त्यानं पुन्हा लिहिलं. फोर्ड दोन सीटची थंडरबर्ड आणत असताना आपण माघार घेतली तर ती हार मानल्यासारखीच होईल, हा त्याचा मुद्दा होता.

कॉर्वेट वाचली त्यात फोर्डशी असलेली ईर्ष्या होती, एड कोल यांचा पाठिंबा होता आणि शेवरलेचं नवं व्ही-८ इंजिनही होतं. १९५५ मध्ये हे १९५ हॉर्सपॉवरचं इंजिन कॉर्वेटमध्ये बसलं. वर्षाच्या शेवटी मोजक्या गाड्यांना तीन गिअरचा मॅनुअल गिअरबॉक्सही मिळाला. पण त्या वर्षी कॉर्वेट बनल्या फक्त ७०० आणि थंडरबर्ड विकल्या गेल्या १६ हजारांवर.

खरा पालट १९५६ मध्ये झाला. नवी बॉडी, वरखाली होणाऱ्या काचा आणि तीन गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मूळ गाडीतच. पॉवरग्लाइड आता जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय झाला. कोणता गिअरबॉक्स आधी आणि कोणता नंतर, एवढ्या अदलाबदलीनं गाडी कुणासाठी आहे ते स्पष्ट झालं. त्याच वर्षी झोरानं स्वतः बनवलेल्या कॅमशाफ्टची कॉर्वेट फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या वाळूवर ताशी १५० मैलांवर, म्हणजे २४० किलोमीटरच्या पुढं नेली. तो कॅमशाफ्ट पुढं डुंटोव्ह कॅम याच नावानं विकला गेला.

१९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शनचं २८३ हॉर्सपॉवरचं इंजिन आलं आणि वर्षाच्या मध्यात चार गिअरचा मॅन्युअल आला. त्याचे गिअर २.२०, १.६६, १.३१ आणि १ असे जवळजवळचे. म्हणजे ५,००० फेऱ्यांवर कुठलाही गिअर बदला, इंजिन ३,८०० च्या आसपासच थांबणार, ताकदीच्या टप्प्याबाहेर जाणारच नाही. एमजी-जग्वारवाल्यांना द्यायचं उत्तर मिळालं होतं.

लोकांनी काय निवडलं?

१९५७ च्या ६,३३९ कॉर्वेटपैकी चार गिअरच्या होत्या ६६४. १९६३ मध्ये झोराच्या आग्रहानं मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालेली स्टिंग रे आली. तेव्हा २१,५१३ पैकी १७,९७३ जणांनी चार गिअरचा मॅन्युअल घेतला. पॉवरग्लाइड घेतला २,६२१ जणांनी. सहा वर्षांत निकाल लागला होता.

शर्यतीतही कॉर्वेटचं नाव झालं. १९६० मध्ये ल मान्सला ती आपल्या गटात पहिली आली. झोरानं स्वतः तिथं १९५४ आणि १९५५ मध्ये पोर्शेमधून गटविजय मिळवला होता. मात्र जनरल मोटर्सनं त्याला मोकळं कधीच सोडलं नाही. १९५७ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी मिळून शर्यतींपासून लांब राहायचं ठरवलं आणि त्याची सेब्रिंगसाठी बनवलेली एसएस कार बाजूला पडली. १९६३ मध्ये ग्रँड स्पोर्ट या रेसिंग कॉर्वेटचं काम पाच गाड्यांवर थांबवलं गेलं.

झोरा ऑटोमॅटिकचा आंधळा विरोधक होता का? तर अजिबात नाही. १९६४ मध्ये त्यानं सर्व्ह-टू ही प्रायोगिक रेसिंग कार बनवली. इंजिन मध्यभागी, ताकद चारही चाकांना आणि त्यासाठी एक सोडून दोन टॉर्क कन्व्हर्टर. ज्या यंत्रामुळं पहिली कॉर्वेट हसण्यावारी नेली गेली, तेच यंत्र त्यानं रेसिंग कारमध्ये बसवलं. पुढच्याच वर्षी शेवरलेच्या मदतीनं बनलेल्या क्लच नसलेल्या शॅपरल कारनं सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. ऑटोमॅटिक शर्यतीत चालू शकतो, फक्त तो शर्यतीसाठी बनवलेला हवा, हे यातून दिसलं. सर्व्ह-टूला मात्र कंपनीनं शर्यतीत उतरू दिलं नाही.

१ जानेवारी १९७५ ला, वयाच्या ६५ व्या वर्षी झोरा निवृत्त झाला. तोवर वारं फिरलं होतं. दोन गिअरचा पॉवरग्लाइड जाऊन १९६८ पासून तीन गिअरचा चांगला ऑटोमॅटिक आला होता. प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनांची ताकद घटली होती आणि अनेकांना कॉर्वेट आरामात फिरण्यासाठी हवी होती. १९७५ च्या ३८,४६५ कॉर्वेटपैकी २८,४७३ ऑटोमॅटिक होत्या. म्हणजे दर चारपैकी जवळपास तीन.

आणखी एक गोष्ट त्याच्या हातून राहून गेली. इंजिन ड्रायव्हरच्या मागं असलेली कॉर्वेट. त्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं प्रायोगिक गाड्या बनवल्या, पण कंपनीनं त्यातली एकही विक्रीला आणली नाही. २१ एप्रिल १९९६ ला डेट्रॉइटमध्ये झोराचं निधन झालं. त्याची रक्षा केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्वेट संग्रहालयात ठेवली आहे.

त्यानंतर २३ वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, इंजिन मध्यभागी असलेली आठव्या पिढीची कॉर्वेट जगासमोर आली. झोराचं स्वप्न पूर्ण झालं, पण तिला क्लचचं पेडल नव्हतं. आठ गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, मॅन्युअलचा पर्यायच नाही. अगदी १९५३ सारखंच.

फरक एवढाच की या गिअरबॉक्समध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, त्यामुळं माणसाच्या हातापायांपेक्षा तो कितीतरी लवकर बदलतो. हवं तर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी ड्रायव्हरला स्वतःही गिअर टाकता येतात. वेगाच्या हिशेबात मॅन्युअल हरला आहे. मजेच्या हिशेबात काय, यावर कॉर्वेटवाल्यांची भांडणं आजही मिटलेली नाहीत.

या गाड्या बनतात बोलिंग ग्रीनच्याच कारखान्यात, झोराची रक्षा ठेवलेल्या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर.