दोन गोलांचा हिशेब

विरारच्या पूर्वेला, चांदीपला, आमच्या घरासमोर थोडी मोकळी जागा आहे. पावसाळ्यात तिथे पोरे चिखलात फुटबॉल खेळतात. खेळ सुरू होण्यापूर्वी भांडण ठरलेले : गोलात कोण उभे राहणार? शेवटी सर्वांत धाकट्याला दोन चपलांच्या मध्ये उभे करतात. त्याला पाहिले की मला रिचर्ड ॲलन आठवतात.

ध्यानचंदांचे नाव घरोघरी ठाऊक आहे. ॲलन हे त्यांच्याच हॉकी संघाचे गोलरक्षक. अँग्लो-इंडियन समाजातले, आणि जन्माने चक्क आपल्या नागपूरचे! जन्म ४ जून १९०२ चा. शाळा मात्र मसुरी आणि नैनितालला झाली. पुढे ते कलकत्त्याच्या पोर्ट कमिशनर्स संघातून खेळू लागले. त्या काळी हॉकीवर पोट भरत नसे. खेळायचे ते हौसेने.

मार्च १९२८ मध्ये भारताचा संघ ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी मुंबईहून बोटीने निघाला, तेव्हा निरोपाला जेमतेम तीन माणसे होती. तिथे ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि अंतिम सामन्यात हॉलंड, असे पाचही संघ हरले. भारताचे गोल २९, आपल्यावर झालेला एकही नाही. संघ परतला तेव्हा त्याच मुंबईच्या बंदरावर तोबा गर्दी उसळली होती. त्या २९ पैकी १४ गोल ध्यानचंदांचे. लोकांनी चौदा लक्षात ठेवले. शून्य कोण लक्षात ठेवणार?

आता, आपली आघाडीची फळी इतकी जबरदस्त होती की चेंडू ॲलनपर्यंत क्वचितच येई, हे खरे. आला तरी पुढे लेस्ली हॅमंडसारखे फुलबॅक उभे असत. पण तासभर नुसते उभे राहायचे आणि त्या एका क्षणी मात्र चुकायचे नाही, हे सोपे नव्हे.

ॲलन एकदा चुकले, असे सांगतात. १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध आपण २४ गोल केले. करायला काही काम नाही म्हणून ॲलन गोलामागे जाऊन कुणाला तरी स्वाक्षरी देत होते, तेवढ्यात चेंडू आत गेला. सामना २४-१ असा संपला. पुढे १९३६ साली बर्लिनला स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ असे हरवले होते. त्याच जर्मनीला १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात आपण ८-१ असे नमवले. तो एक गोल धरून तीन ऑलिंपिकमध्ये ॲलन यांच्यावर झाले अवघे दोन गोल आणि पदरात पडली तीन सुवर्णपदके. १९६९ साली ते गेले. आजही त्यांचे नाव निघाले, तर बहुधा त्या स्वाक्षरीच्या किश्श्यापुरतेच.

हे मला जिव्हारी लागते, कारण मी तीसेक वर्षे बँकेत काढली. सुरुवातीला रोखपाल होतो. रोज संध्याकाळी रोकड जुळायची. त्याबद्दल कुणी पाठ थोपटली नाही, आणि थोपटावी असेही काही नव्हते. एकदाच पाचशे रुपये कमी भरले. ते मी खिशातून भरले. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हसत हसत सांगितली ती नेमकी तीच आठवण. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर हिला म्हटले, बाकीच्या हजारो संध्याकाळी कुठे गेल्या गं?

उत्तर तिच्याकडेही नव्हते. पण ती तरी काय वेगळे करत आली? रोजचा स्वयंपाक वेळेवर झाला, याची नोंद आमच्या घरात कुणी ठेवली? भाजी खारट झाली तो दिवस मात्र मुलांना अजून आठवतो.

परवा त्या धाकट्याने चिखलात लोळण घेऊन एक चेंडू अडवला. पोरे तोवर दुसऱ्या टोकाला धावली होती. मी ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. त्याने दचकून मागे पाहिले. आपल्यासाठी कुणी टाळ्या वाजवेल, हे त्याच्या गावीही नव्हते.